कदंबावरचा टायपिस्ट

बाईंनी मला पहिल्यांदा गप्प केलं ते भर आरतीत. माझी बदली कोलकात्याला होऊन महिनाही झाला नव्हता. मराठी मंडळाचा गणपती शहराच्या दक्षिणेकडच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये बसला होता. परमुलखात आपला माणूस आरती जरा जास्तच जोरात म्हणतो, तसा मीही घसा फाडून म्हणत होतो. तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली, पायात काळे गमबूट. ते घालून देवासमोर यायचं नाही एवढं भान होतं, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलेल्या. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं झांजा थांबवा."

आणि झांजा थांबल्या. का थांबल्या ते वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. हॉलच्या मागे गटार होतं, त्यातून कोणीतरी दोनदा डर्रर्र केलं. बाईंनी डोळे मिटून ते ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "नाही. हा तो नव्हे. चालू द्या." दार बंद झालं. कडवं कोणतं चाललं होतं ते कोणालाच आठवेना, म्हणून आरती पहिल्यापासून म्हणावी लागली.

"त्यांचं असंच असतं," मंडळाचे अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "शास्त्रज्ञ आहेत. बेडूक." एखाद्याच्या दुखण्याचं नाव सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नसत्या चौकशा करायची मला खोड आहे. प्रसादाची प्लेट घेऊन मी मागच्या दाराशी गेलो आणि विचारलं, "हा तो नव्हे, तर मग तो कोण?" पुढचा अर्धा तास माझ्या प्लेटमधले मोदक बाईंनी खाल्ले आणि मी ऐकत राहिलो.

बाई मूळच्या सांगलीच्या. बेडकांचा अभ्यास करायला विद्यार्थिनी म्हणून कोलकात्यात आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. त्या आल्या तेव्हा आजचं न्यू टाउन म्हणजे नुसती भातशेती आणि पाणथळ. तिथे एका संध्याकाळी त्यांनी एक बेडूक ऐकला होता. झाडावर राहणारा, अंगठ्याएवढा. त्याचं शास्त्रीय नाव मला आजतागायत एका दमात म्हणता आलेलं नाही. बाई त्याला टायपिस्ट म्हणायच्या, कारण त्याचा आवाज जुन्या टाईपरायटरसारखा होता. टक्, टक्-टक्, टक्-टक्-टक्, आणि मग ओळ संपल्यावर गाडा मागे ढकलावा तसं लांबलचक कर्रर्र. पुढे शेतं गेली, रुंद रस्ते आले, काचेच्या इमारती आल्या आणि टायपिस्ट या शहरात पुन्हा कोणी ऐकला नाही. बाई मात्र दर पावसाळ्यात त्याला हुडकत फिरत होत्या.

"तुम्ही राहता कुठे?" मोदक संपल्यावर त्यांनी विचारलं.

"न्यू टाउनला."

"जवळ तळं आहे?"

"सोसायटीच्या आवारातच आहे. जुनं आहे, बिल्डरने बुजवायचं राहून गेलंय. आमच्या गॅलरीसमोर काठाला कदंबाचं झाड आहे आणि..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी माझा पत्ता मोबाईलमध्ये टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली, आणि पुढची कित्येक वर्षं ती वाजतच राहिली.

बाई घरात आल्या की माणसांकडे बघायच्या नाहीत, थेट गॅलरीत जायच्या. बेडकांना त्या बेडूक म्हणत नसत, मंडळी म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "मंडळी आली का?" आमच्या हिने बिचारीने पाहुणे येणार असं समजून दुप्पट पोहे केले. ते सगळे बाईंनी उभ्या उभ्या संपवले आणि म्हणाल्या, "पावसाचं चिन्ह नाही. आज येणार नाहीत."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. जुन्या गल्लीतली दोन खोल्यांची भाड्याची जागा. हात धुवायला मोरीत गेलो, तर मागून आवाज आला, "निळ्या बादलीला हात लावू नका. तिथे बिऱ्हाड आहे." मी वाकून बघितलं. बादलीतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. बाईंची आंघोळ लाल बादलीत चाले, आणि जून ते सप्टेंबर पाहुण्यांनी आंघोळ करूनच यावं अशी त्यांची अपेक्षा असे.

माणसांचीही त्या बेडकांवरूनच वर्गवारी करत. बेडकांमध्ये म्हणे काही नर स्वतः ओरडत नाहीत. जो जिवाच्या आकांताने ओरडत असतो त्याच्या शेजारी चिडीचूप बसून राहतात, आणि त्याचा आवाज ऐकून मादी आली की मध्येच आडवे येतात. हे ऐकल्यावर मला आमच्या बँकेतल्या किमान तीन वरिष्ठांचे चेहरे दिसले. बाईंना तसं सांगितलं, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बेडकाला नावं ठेवू नका. त्याचा निदान एकच मोसम असतो."

बाईंच्या हाताखाली मी कधी लागलो ते माझं मलाच कळलं नाही. आधी नुसती बॅटरी धरायला गेलो. मग छत्री आली, मग खांद्यावर माईकची पिशवी आली, आणि एक दिवस बायकोने माझ्या वाढदिवसाला गमबूट आणले तेव्हा मी हात टेकले. आम्ही बजबजच्या बाजूला तागाच्या गिरणीमागे गुडघाभर पाण्यात उभे राहिलो आहोत. गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समागच्या डबक्याशी पहाटे बसलो आहोत. नियम दोन. बोलायचं नाही, आणि डास मारायचा नाही. "टाळीचा आवाज होतो," बाई म्हणायच्या. "चावू दे. पोट भरलं की जातो."

गार्डन रीचहून परतताना एकदा बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. आम्ही शेअर ऑटोत बसलो होतो, चार जणांच्या जागेत सहा. डब्यातल्या गृहस्थांना ऑटोची घरघर पसंत पडली असावी. त्यांनी जोरात ओरडायला सुरुवात केली. शेजारच्या बाबूंनी थोडा वेळ सोसलं, मग अदबीने म्हणाले, "दीदी, फोनटा धोरून ना." म्हणजे, ताई, फोन घ्या की. बाई त्यांना शांतपणे बांगलामध्ये म्हणाल्या, "घेऊन काय करू? तो माझ्याशी बोलत नाहीये." बाबू पुढचा सगळा रस्ता आमच्याकडे पाठ करून बसले. मला इतकं हसू लोटलं, की उतरल्यावर मी फुटपाथवरच बसलो. बाईही हसल्या. त्या दिवसापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या.

त्याच सुमारास अण्णा आमच्याकडे आले. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म तालुक्याच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून गेला. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी इकडे घेऊन आलो. गावात अण्णांचं तोंड म्हणे दुपारी जेवायला तेवढं मिटायचं. इथे आल्यावर ते जे मिटलं ते मिटलंच. बांगला कळत नाही, हिंदी मोडकी, आणि नातीचं मराठी असं की "आजोबा, तुम्ही चहा खाणार का?" काहीही विचारलं तरी "हं". संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसायचे. आम्ही डास येतात म्हणून काचा लावून आत टीव्ही बघायचो. मला त्यांची काळजी वाटायची. रात्री बायकोला म्हणायचो, चूक केली का गं यांना आणून?

बाईंनी अण्णांना बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काळजी करू नकोस. काही बेडूक महिनोन्महिने जमिनीखाली गप्प बसतात. मेलेले नसतात. त्यांच्यावर पाऊस पडलेला नसतो एवढंच." मग जेवायला बसल्यावर त्यांनी अण्णांना टायपिस्टची सगळी कथा सांगितली. तोंडाने तो आवाज काढूनही दाखवला. अण्णा घास हातात धरून ऐकत होते. कथा संपल्यावर म्हणाले, "हं." पण त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

आणि मग सोसायटीची नोटीस लागली. तळं बुजवून तिथे फरशीचा हौद, रंगीत दिव्यांचं कारंजं आणि फोटो काढायला जागा करायची. महिनाअखेरीच्या रविवारी सर्वसाधारण सभेत मंजुरी. सेक्रेटरीबाबूंनी नोटिशीवर कारंज्याचं चित्रही छापलं होतं. त्यात जांभळं पाणी होतं.

मी ती नोटीस बाईंना फोनवर वाचून दाखवली.  बाईंना मी त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, सापासमोरही नाही. पण त्यांचा आवाज कापत होता. "त्या सगळ्या शेतांतलं एवढं एकच पाणी उरलंय रे," त्या म्हणाल्या. "तो कुठे असलाच तर इथेच असेल. मला सभेत बोलू देतील का?"

सेक्रेटरीबाबू तसे सज्जन. म्हणाले, मॅडमनी जरूर यावं. पण नुसतं भाषण नको. असा दुर्मिळ बेडूक तळ्यावर आहे असं दाखवून द्या, मी स्वतः कारंज्याचा कागद फाडतो.

म्हणजे आता सगळं टायपिस्टवर आलं. सभेआधीचे पंधरा दिवस आम्ही दर संध्याकाळी तळ्याच्या पलीकडच्या काठाला, आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, लव्हाळ्यात जाऊन बसायचो. बेडूक बोलता करायची बाईंची एक पद्धत होती. रेकॉर्ड केलेला आवाज त्या वापरत नसत. "यंत्र त्याला कळतं," म्हणायच्या. त्या स्वतः तोंडाने आवाज काढायच्या, मग थांबायच्या, मग पुन्हा. अंधारून येत असायचं, तळ्यातले साधे बेडूक आपला बाजार भरवत असायचे, आणि त्यात एक सांगलीची बाई जीभ टाळूला लावून टक् टक्-टक् करत असायची.

तिसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं.

पलीकडून, उंचावरून, कदंबाच्या बाजूने. टक्. टक्-टक्. टक्-टक्-टक्. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. त्यांनी पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर आलं. असा तो संवाद चांगला अर्धा तास चालला.  घरी जाताना फाटकाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शेवटचा सूर ऐकलास? कर्रर्रच्या आधी?"

"नाही बा. मला सगळं एकच वाटलं."

"टिंग. बारीक, धातूसारखा. हा पूर्वी नव्हता. कुठेच नोंद नाही. शहरात राहून त्याने आवाज बदललाय रे. एवढ्या हॉर्नमधून पोचायचं कसं, म्हणून ही युक्ती काढली पठ्ठ्याने." त्या रस्त्यावर उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

सभेपर्यंत टायपिस्ट रोज बोलला. टिंगही रोज झालं. बाईंनी चेहऱ्याला साबण लावायला सुरुवात केली असं आमची ही म्हणाली, आणि ते खरं होतं. अण्णाही खुशीत दिसायचे. आम्ही चिखलाचे पाय घेऊन वर आलो की ते माझ्याकडे बघून उगाच हसायचे. मला वाटलं, घराला आनंद झालाय, त्यात त्यांनाही झाला असेल.

रविवारी सकाळी सभा भरली. चहा आणि शिंगाडे, म्हणजे इथले समोसे, होते म्हणून हॉल भरला होता. अण्णाही आले होते आणि तिसऱ्या रांगेत शिंगाडा खात बसले होते. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्या अस्खलित बांगलामध्ये बोलल्या. इथली शेतं कशी होती, पाणी कसं होतं, टायपिस्ट कसा हरवला आणि कसा सापडला. कारंजेवालेसुद्धा खाणं थांबवून ऐकत होते. मग त्या म्हणाल्या, "आता त्यालाच बोलू द्या," आणि त्यांनी रेकॉर्डिंग लाउडस्पीकरवर लावलं.

टक्, टक्-टक्, टक्-टक्-टक्, टिंग.

ते टिंग वाजलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी खुर्चीत बसलो होतो, हातात चहा होता, आणि तोंडाचा आ झाला होता. का, ते मला क्षणभर कळेना. आणि मग कळलं. मी लहानपणी जेवायला फार छळायचो. तेव्हा अण्णा कोर्टातून आले की मला पुढ्यात घेऊन तोंडाने टाईपरायटर वाजवायचे. टक् टक्-टक् करत घास हवेत फिरवायचे, आणि टिंग झालं की तो माझ्या तोंडात. नंतर कर्रर्र करत हात ताटाकडे परत. चाळीस वर्षांनीही माझ्या जबड्याने ते टिंग ओळखलं होतं. लव्हाळ्यात डासांच्या गुणगुणीत जे मला कळलं नव्हतं, ते लाउडस्पीकरवर लख्ख कळलं.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. अण्णा शिंगाडा खाली ठेवून सावकाश उभे राहत होते. मनात म्हटलं, बोंबला.

"अरे," अण्णा मोठ्याने म्हणाले, "हा तर मी."

कित्येक महिन्यांत त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं धड वाक्य. आणि ते त्यांनी शुद्ध मराठीत उच्चारलं होतं. हॉलमध्ये ते कळलेली माणसं चारच. अण्णा, मी, माझी बायको आणि बाई.

"मेसोमशाय की बोलछेन?" सेक्रेटरीबाबूंनी विचारलं. काका काय म्हणतायत?

मी ताडकन उठलो. "म्हणतायत, आवाज फार गोड आहे," मी हिंदीत सांगून टाकलं. मला जराही लाज वाटली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरीबाबू खिशातून कारंज्याचा कागद काढत होते. दोन क्षण बाईंनी गप्प राहायचं होतं, बस्स. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी अक्षरशः हात जोडले.

बाई अण्णांकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. ते बघताना मला फार वाईट वाटलं. तळ्याचं नंतर. ज्या आवाजासाठी या बाईने इतके दिवस साबण लावला होता, तो आवाज त्यांच्या हातून जात होता. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. माईक जवळ घेतला आणि एक शब्द न चुकवता बांगलामध्ये सांगितलं, "काकांनी तसं म्हटलेलं नाही. ते म्हणाले, हा बेडूक नाही, हा मी आहे. आणि ते बरोबर आहेत. चूक माझी झाली. टायपिस्ट सापडलेला नाही."

हॉल एकदम हसला. असा हसला की चहावाल्यानेही हसून घेतलं. बाई स्टेजवरून उतरल्या आणि अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"पलीकडे तुम्ही होतात?" अण्णा त्यांना म्हणाले. "मला वाटलं, तोच आहे. रोज बोलावतोय. आपण उत्तर दिलं नाही तर बिचाऱ्याला काय वाटेल, म्हणून..."

"मलाही तसंच वाटलं, अण्णा," बाई म्हणाल्या. आणि मग त्या हसायला लागल्या. अण्णाही लागले. दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली, की त्यातलं हसणं किती आणि रडणं किती ते मला सांगता येणार नाही.

मी मात्र चिडलो होतो. तिथेच वाकून बाईंना म्हणालो, "काय गरज होती? कोणाला मराठी कळत होतं इथे? गप्प बसला असतात तर तळं वाचलं असतं."

"नसलेला बेडूक आहे म्हणून सांगितला," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तर उद्या असलेला बेडूक कोण खरा मानेल?"

 सेक्रेटरीबाबू कारंज्याच्या मतदानाकडे वळले. पण सभा आता त्यांच्या हातात राहिली नव्हती. कोणीतरी अण्णांना पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. अण्णांनी केलं. टिंगला टाळ्या पडल्या. मग तळमजल्यावरच्या एक वयस्कर मासीमा, म्हणजे मावशी, उठल्या. त्या म्हणाल्या, बेडूक नाही तर नाही, पण एवढं चांगलं पाणी फरशीखाली घालायचं हे मला पटत नाही. यात मासे का सोडत नाही?

झालं. त्या हॉलमध्ये इतका वेळ तळं वाचवणारे आम्ही दोनच होतो. मासे म्हटल्याबरोबर सगळा हॉल तळ्याच्या बाजूचा झाला. रुई सोडायचे की कातला, यावर तासभर भांडण झालं. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. जांभळ्या पाण्याचा विषय पुन्हा कोणी काढलाच नाही, आणि सेक्रेटरीबाबूंनी स्वतः कातलाला मत दिलं.

मी आनंदाने बाईंकडे वळलो, तर त्या खुर्चीवर उभ्या. "मासे?" त्या किंचाळल्या. "मासे अंडी खातात. एक पिल्लू ठेवणार नाहीत." बेडकासाठी न चिडलेल्या बाई माशांवरून अख्ख्या सभेशी भांडल्या. शेवटी कदंबाखालचा उथळ कोपरा जाळी लावून मंडळींसाठी राखायचा, यावर तडजोड झाली. ती जाळी बाईंनी आणि मी गमबूट घालून बांधली. मासीमा काठावर खुर्ची टाकून सूचना देत होत्या.

त्या सभेनंतर अण्णा सोसायटीत टाईपरायटर मेसोमशाय झाले. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्यात ओढलं. मोडक्या हिंदीत अण्णा त्यांना कोर्टातले खटले सांगू लागले, आणि घरी आल्यावर तेच आम्हाला मराठीत. मी आता रात्री बायकोला म्हणतो, यांना थोडा वेळ गप्प कसं करावं गं?

बाई निवृत्त झाल्या आणि आंबोलीच्या बाजूला राहायला गेल्या. तिथे म्हणे मंडळींना तोटा नाही. जायच्या आधी त्यांनी अण्णांना नोकरी लावून दिली. रोज संध्याकाळी गॅलरीत बसायचं आणि ऐकायचं. "फक्त ऐकायचं, अण्णा," त्यांनी बजावलं. "उत्तर द्यायचं नाही. काही झालं तरी नाही." अण्णांनी कोर्टाची शिस्त पाळली. संध्याकाळी आमचा टीव्ही बंद. जीभ टाळूला लागू नये म्हणून तोंडात सुपारी.

बाईंचा फोन अधूनमधून यायचा. हॅलो नाही, कसे आहात नाही. एकदम पावसाचा आवाज, त्यात कोणाचं तरी डर्रर्र, आणि मग बाई, "ऐकलास?" की फोन बंद.

परवा संध्याकाळी पाऊस नुकता थांबला होता. मी माझ्या मुलीचं गणित घेत होतो. अण्णा आत आले, काही न बोलता माझं मनगट धरलं आणि मला ओढत गॅलरीत नेलं. कदंबाच्या ओल्या पानांतून आवाज येत होता. टक्. टक्-टक्. टक्-टक्-टक्. मी आधी अण्णांकडे बघितलं, मग श्वास धरून टिंगची वाट बघितली. टिंग झालं नाही. सरळ कर्रर्र झालं. पुन्हा एक ओळ. पुन्हा टिंग नाही.

बाईंचा नंबर मी दोनदा चुकीचा लावला. त्यांनी फोन घेतल्यावर मी फक्त "बाई, ऐका" म्हणालो आणि फोन गॅलरीबाहेर धरला. मग तो कानाला लावला.

"अण्णा कुठे आहेत?" बाईंचा आवाज आला.

"माझ्या शेजारी."

"त्यांच्या तोंडाकडे बघ."

मी बघितलं. अण्णांनी दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबून धरले होते, आणि डोळ्यांतून पाणी बोटांवर ओघळत होतं.

"मिटलेलं आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, बाई."

कदंबावर आणखी एक ओळ झाली.  मग बाईंनी जोरात नाक शिंकरलेलं मला ऐकू आलं.

"अण्णांना म्हणावं, हात काढा," त्या म्हणाल्या. "उत्तर द्या त्याला. किती वर्षं एकटाच टाईप करतोय बिचारा."